हळीव आणि मुशी

माझ्या मुलीच्या जन्मानंतरचा सव्वा महिना मी शिरवण्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत काढला. काढला कसला, भोगला. खोलीला एक खिडकी होती, पण ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. तीही उघडायची नाही, बाळंतिणीला वारा लागतो म्हणून. पंखा बंद. कानांत कापूस, डोक्याला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला. त्या धुराचा शेक घेतला की बाईचे सांधे जन्मभर दुखत नाहीत म्हणे. माझे सांधे दुखत नाहीत, हे कबूल करायला हवं. पण कुणी शेगडीची तारीफ करायला लागलं की मला अजून ठसका लागतो.

लग्नाआधी आणि नंतरही मी बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी करत होते. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचं, मधल्या वेळात चार माणसांना कामाला लावायचं, असा माझा खाक्या. अशा मला आता खोलीच्या उंबऱ्याबाहेर बाथरूमपुरतं जायची परवानगी होती. स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकायचं नाही. सोयर असते, आणि सव्वा महिना चुलीजवळ जायचं नसतं. त्यामुळे घरात काय चाललंय ते मला नाकानं आणि कानानंच कळायचं.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असा आमच्याकडचा रिवाज. माझं माहेर साताऱ्याकडचं. आईनं सहा महिने आधीपासून डिंक निवडून ठेवला होता. पण ऐन वेळी सिझर करावं लागलं, टाके पडले, आणि डॉक्टरीणबाईंनी इतक्या लांबचा प्रवास नको म्हणून बजावलं. त्याच सुमाराला वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आईलाही लगेच येता येईना. मी सासरीच अडकले. माझा नवरा म्हणाला, "काय टेन्शन घेतेस, आई आहे ना." त्याची आई होतीच. अडचण तिथेच होती.

आमचं लग्न ठरताना दोन्ही घरांनी जातीचं बोलणं लवकर उरकलं. ताटाचं मात्र लांबत गेलं. माझे आईवडील दोघंही माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलही चालत नाही. नवऱ्याचं घर आगरी. खाडीकाठची त्यांची भातशेती नव्या शहराखाली गेली, तिच्या जागी भाड्याचे मजले उभे राहिले, मुलगा जवळच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर लागला, पण घरातली मासळी काही कुठे गेली नाही. शेवटी ठरलं ते असं: मी मासे खाणार नाही, त्यांनी आग्रह करायचा नाही, आणि मी नाकाला पदर लावायचा नाही. दोन वर्षं तिन्ही अटी नीट पाळल्या गेल्या. वासाची सवय होते. पुढे पुढे तर मला जिन्यातूनच ओळखू यायचं, आज बोंबील तळलेत की सुकट परतलीय.

सासूबाईंच्या हाताला चव आहे, असं अख्खं गाव सांगतं. कुणाच्या हळदीला मोठ्या टोपात कालवण करायचं असलं की पहिलं बोलावणं त्यांना. सासरे गेल्यानंतर घर त्यांनी एकटीनं चालवलं, तेही असंच, माणसं जोडून, माणसांना जेवायला घालून. आणि त्यांच्या एकुलत्या एका सुनेला त्यांच्या हातचं काय चालायचं, तर वरण आणि भेंडी. त्या मला "गवत खानारी" म्हणून चिडवायच्या. मीही हसून सोडून द्यायची. पण एका सणाला सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या माझ्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला काय घालू? मना तं काय जमतच नाय." ते मला लागलं. ज्या बाईला माया फक्त वाढूनच दाखवता येते, तिच्यापुढे मी दोन वर्षं पालथी वाटी ठेवून बसले होते.

मग मुलगी झाली आणि मला दूध येईना.

अगदीच येत नव्हतं असं नाही. थोडं यायचं, मुलगी ओढून ओढून दमायची, झोपायची आणि लगेच उठून पुन्हा रडायची. तिचं रडणं त्या बंद खोलीत भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर यायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, होतं असं, लावत राहा. मी लावत राहिले. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची आणि मग माझ्या छातीकडे. "भागतंय ना दूध?" हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला की मला कुणी दारात आलं तरी धडकी भरायची. नोकरी करणारी, हिशेबाला चोख, कुणाला न ऐकणारी मी, आणि जे गल्लीतल्या मांजरीलाही जमतं ते मला जमत नव्हतं. मला माझी लाज वाटत होती. दुसरा कुठला सभ्य शब्द मला त्यासाठी सापडत नाही.

वरचं दूध द्यायला मी तयार होते, पण तो विषय काढला की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. "आपले घरान बाटली नाय येनार," त्या म्हणायच्या. त्यांच्या लेखी बाटली म्हणजे बाईनं हार मानल्याची पाटी. आणि त्यांच्याकडे उपाय होता. बाळ घरी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्या सकाळी दिवाळे गावच्या कोळणीकडून मुशी घेऊन आल्या.

मुशी म्हणजे लहान शार्क. तिला काटे नसतात, मधे नुसतं मऊ हाड. खाडीकाठच्या घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती हळद, मिरी आणि भरपूर लसूण घालून शिजवून देतात. सासूबाईंनी ती तशी शिजवली, तांदळाच्या भाकरीबरोबर ताटात वाढली आणि ताट माझ्या खाटेजवळ आणून ठेवलं.

"आई, आपलं ठरलंय ना," मी म्हटलं.

"ठरला तवा तू एकटी होतीस," त्या म्हणाल्या. "आता दोन तोंडां हायेत. खा गो. मुशी खाल्ल्याबिगर बायला दूद येत नाय."

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी मुकाट्यानं ताट उचललं, माझं वरण-भाताचं ताट आणलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुशी. मग तिसऱ्या दिवशीही. बोलायच्या काही नाहीत, नुसतं ताट ठेवायच्या, थोडा वेळ दारात उभ्या राहायच्या आणि घेऊन जायच्या. भरलेल्या ताटाशी भांडता येत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू नको खाऊस. पण तिला पण काय बोलू नकोस." म्हणजे त्यानं दोन्हीकडचं राखलं आणि वर्कशॉपला निघून गेला.

वडिलांच्या डोळ्याची पट्टी निघाली तशी आई आली. दोन पिशव्या आणि एक गोणपाट. त्यात डिंकाचे लाडू, हळीव, खसखस, शेतातला शेपू, नव्या बाजरीचं पीठ, आणि वर स्वतःपुरती पितळेची एक पातेली. तिच्या पोटातला प्रश्न मला कळला. मासळीच्या स्वयंपाकघरात ती शिजवणार कशी आणि जेवणार काय?

तो प्रश्न सासूबाईंनी आधीच सोडवून ठेवला होता. माझ्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांनी नवी गॅसची शेगडी मांडली होती. शेजारी नवा तवा, नवी परात, नवी कढई, सगळ्यांवर दुकानाचे स्टिकर तसेच. "विहिनबाय, ह्याला कोनाचा हात लागला नाय," त्या म्हणाल्या. "मी पन नाय लावनार." आईनं कढई हातात घेतली, स्टिकर नखानं खरवडला आणि म्हणाली, "एवढं कशापायी केलं, इहीनबाई." मला वाटलं, चला, आता निभेल.

निभलं, पण माझ्या पोटावर. एका बाजूनं लसूण-मिऱ्याचा वास, दुसऱ्या बाजूनं तुपात भाजलेल्या हळिवाचा, आणि दोन्हींचा घोळ माझ्या खोलीत, शेगडीच्या धुरात. सकाळी हळिवाची खीर. मग शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी. मधेच लाडू. दुपारी पुन्हा बाजरी, लसणाची फोडणी दिलेले मूग, संध्याकाळी खसखस. आणि या सगळ्याच्या मधे, रोजच्या रोज, न चुकता ते एक ताट. दोघींनाही मी आई म्हणायची, त्यामुळे पाणी मागायला "आई" म्हणून हाक मारली की दोघी हजर, आणि दोघींच्या हातात पाण्याऐवजी काहीतरी खायला.

दोघी एकमेकींशी अति गोड वागायच्या. "बसा की", "राहू द्या", "तुमी आधी". पण आईनं आणलेली खिरीची वाटी मी अर्धी ठेवली की सासूबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकून जायचं, आणि मुशीचं ताट जसंच्या तसं परत गेलं की आई उगाच भाकरी थापायला बसायची. मी त्यांचं युद्धाचं मैदान झाले होते, तेही पाठीवर झोपलेलं आणि टाके घातलेलं. एकदा मी ओरडले, "मला कुणी काही देऊ नका!" दोघी घाबरून बाहेर गेल्या आणि पॅसेजमध्ये कुजबुजल्या. थोड्या वेळानं दोघी मिळून आल्या. आईच्या हातात लाडू होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब भाड्यानं राहायचं. त्यातली बाई एक दिवस बाळाला बघायला आली, येताना सुंठ आणि गुळाचा काळाभोर, तिखटगोड लेह, म्हणजे चाटण, घेऊन. तो बाळंतिणीनं रोज चमचाभर खायचा, असं तिनं तिच्या मराठीत सांगितलं. मग माझ्या खाटेजवळचं ताट बघून तिनं विचारलं, "हा आमच्या भाषेतला सुरा मासा ना? आमच्याकडे पण डिलिव्हरीनंतर हाच देतात. किसून, नारळ घालून. दुधासाठी."

सासूबाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "ऐकला काय?" त्या मला म्हणाल्या, आणि मग आईकडे वळून, "विहिनबाय, ऐकला? कुठशी मद्रास, कुठशी शिरवना. मुशी तीच." ती बाई बिचारी हसली आणि चहा घेऊन गेली. संध्याकाळी बाळाचे पाय चोळता चोळता आईनं हळूच विचारलं, "एवढ्या लांब लांबच्या बाया बी ह्योच मासा देत्यात, म्हंजी काय तरी असंल का गं?"

"आई, तूसुद्धा?" मी म्हटलं.

"न्हाई, मी आपलं इचारलं," ती म्हणाली.

मला तेव्हा खरोखर गुदमरायला झालं. आतापर्यंत निदान एक बाजू माझी होती.

मुलीला वजन करायला डॉक्टरांकडे नेलं. मी पहिल्यांदाच घराबाहेर पडले. रिक्षात बसल्यावर वारा लागला, ऊन लागलं, रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चाललेली दिसली. मला वाटलं रिक्षावाल्याला सांगावं, तसंच सरळ चल, सीवूड्सच्या मॉलपाशी सोड, एकटीला. मांडीवर मुलगी होती, शेजारी सासूबाई, पलीकडे आई. वजन वाढलेलं नव्हतं, उलट थोडं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्या दुपारी ताट नेहमीसारखंच आलं. सासूबाईंनी ते ठेवलं आणि पाणी आणायला गेल्या. मी नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं. मुलगी आईच्या मांडीवर रडत होती, आता तिच्या रडण्यात जोरही उरला नव्हता. आईनं तिला माझ्या कुशीत ठेवलं. मग मला मागे काहीतरी हलल्याचं जाणवलं म्हणून मी वळून बघितलं.

आईनं गळ्यातली माळ काढली होती. ती तिनं कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि रुमाल पिशवीत आत खोल सरकवला. मग ती ताटाजवळ मांडी घालून बसली. तिनं मुशीचा तुकडा बोटांनी मोडला, मऊ हाड वेगळं केलं, भाकरीचा तुकडा त्यावर दाबला. माझी आई. जिनं आयुष्यात मासा हातात धरलेला नव्हता, तिला तो कसा मोडायचा तेही कळत नव्हतं.

"आ कर," ती म्हणाली.

"आई, काय करतेस तू?"

"आ कर. तू न्हाई खाल्लंस, म्या भरवलं. देवानं इचारलं तर माझं नाव सांग."

मी काही म्हणायच्या आत दारात पाण्याचा तांब्या पडला. सासूबाई उभ्या होत्या. त्या धावतच आल्या, आईजवळ खाली बसल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"नको विहिनबाय. तुमी नको. सोडा तो."

"लेकरू उपाशी हाय, इहीनबाई."

"असू दे उपाशी. तुमची माल उतरवून मना नको दूद. मना पाप नका लावू."

"कसलं पाप? पाप माझं."

"तुमचा कसा? ताट माजा हाय."

आई घास सोडेना आणि सासूबाई मनगट सोडेनात. दोघींचे डोळे भरलेले, आणि दोघी एकमेकींकडे बघत होत्या. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. इतके दिवस दोघी माझ्या तोंडाशी काही ना काही धरून बसल्या होत्या, आणि आता त्यांच्या चार हातांच्या मधे तो एक घास अडकला होता. मला एकदम कळलं की मी हा घास घेतला नाही तर या दोघींपैकी एकीला जन्मभर काहीतरी गिळून बसावं लागेल. मला राग आला, दोघींचा आणि माझाही. मी टाक्यांवर हात दाबून उठून बसले, ताटातला दुसरा तुकडा माझ्या हातानं उचलला आणि तोंडात टाकला.

खरं सांगते, मला ती मुशी आवडली नाही. लसूण, मीठ, मिरी हे सगळं ओळखीचं होतं. पण खालचं ते मऊ, किंचित दोरेदार मांस जिभेला कुठे ठेवावं कळेना. मी गिळलं. दुसरा घास घेतला. सासूबाई बघत राहिल्या, आई बघत राहिली, दोघींनी हात सोडले. आईच्या हातातला घास तसाच राहिला, तो सासूबाईंनी काढून घेतला, तिचे हात तांब्यातल्या उरलेल्या पाण्यानं स्वतः धुतले आणि आपल्या पदरानं पुसले. मी अर्ध्यापर्यंत ताट संपवलं. कुणी शाबासकी दिली नाही, याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आईनं माळ पुन्हा गळ्यात घातली. मी विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी काय कळत न्हाई व्हय?" त्यास्नी म्हणजे देवाला. वडिलांना तिनं फोनवर यातलं काही सांगितलं नाही, आणि मीही नाही.

मग मी खात गेले. मुशीही आणि हळीवही. अट मोडली होती, आता कशासाठी थांबायचं? सकाळी खीर, दुपारी मुशी, मधे वरच्या मजल्याचा काळा लेह, संध्याकाळी खसखस. दोघी आता एकमेकींना वाट्या मोकळ्या मनानं देऊ लागल्या. सासूबाईंनी आईकडून बाजरीची भाकरी थापायला शिकून घेतली, ती त्यांना आली नाही, कडा फाटायच्या, आणि आई त्यांना "हात वला करा, वला करा" म्हणून दटावायची. पॅसेजमधून त्यांचं हसणं यायचं. घरात सलोखा झाला. मी मात्र आतच होते, त्याच खाटेवर, तीच पट्टी डोक्याला, आणि पोट सतत भरलेलं. रोज सकाळी दोघी आत येऊन काही न विचारता माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मान हलवायची. त्या बाहेर जायच्या आणि नव्यानं काहीतरी शिजायला ठेवायच्या. पूर्वी मी नकार देऊ शकत होते, आता तेही हातचं गेलं होतं.

दूध वाढलं नाही.

पुन्हा वजनाचा दिवस आला. डॉक्टरांनी काटा बघितला, चिठ्ठी लिहून दिली आणि शांतपणे सांगितलं, आजच सुरू करा. नवरा वर्कशॉपमधून सुटी घेऊन आला होता. चिठ्ठी त्याच्या हातात होती, पण घरी आल्यावर तो ती घेऊन नुसता सोफ्यावर बसला, आपल्या आईकडे बघत. मी खोलीत गेले आणि रडत बसले. मला वाटलं, आता कानांवर हात ठेवले जातील, आता पुन्हा नवं ताट येईल.

सासूबाईंनी त्याच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली आणि चपला घालून बाहेर पडल्या. मेडिकलवर त्या स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा पावडरीचा डबा पदराखाली होता, गल्लीतल्या बायकांना दिसू नये म्हणून छातीशी घट्ट धरलेला. बाटली त्यांनी आईच्या पितळेच्या पातेलीत उकळली, आईनं पाणी कोमट केलं, आणि डब्यावरची सूचना नवऱ्यानं दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. मग सासूबाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या ओठांना लावली.

मुलगी प्यायली. थांबेचना. घशात आवाज व्हायचा, नाकातून श्वास घ्यायची आणि पुन्हा ओढायची. अर्धी बाटली झाल्यावर तिची मूठ उघडली. मी तिची मूठ अशी सैल झालेली तोवर बघितली नव्हती. आई दारात बसून डोळे पुसत होती. नवरा कधीच बाहेर गेला होता, त्याला असलं बघवत नाही.

"याला बी वरचाच घातला होता," सासूबाई म्हणाल्या. त्या बाटलीकडेच बघत होत्या.

"कोणाला?"

"तुजे नवऱ्याला. बकरीचा दूद. माजी आये लपवून आनाची, मागचे दारानी."

"आणि मुशी?" मी विचारलं.

"रोज. सव्वा महिना. सासू समोर बसून खावाला लावाची. दूद नाय आला. मंग बोलली, हिनी खाल्लीच नाय, मोरीत टाकली. मरेपर्यंत बोलत होती, आल्यागेल्याला, सगल्यांना. मी कवा टाकली नाय."

आई दारातून उठून आत आली आणि त्यांच्या पायाशी बसली. मुलगी पीत होती. सासूबाईंनी तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं दूध पदराच्या टोकानं टिपलं.

"तुना रोज ताट आनून दिला," त्या म्हणाल्या, "आन रोज बघत बसली, येते काय दूद. तुना आला असता, तं मंग माजाच चुकला असता ना. मंग सासू बोलत होती ता खरा." त्यांनी बाटली जरा तिरकी केली. "बरा झाला नाय आला."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली आणि घाबरून माझ्याकडे बघितलं.

"हो आई, बरं झालं," मी म्हटलं, आणि मला ते खरंच तसं वाटत होतं.